खांब क्रमांक तेवीस

तिसरा डबा फुटला तेव्हा मी रबाळ्यात नव्हते,
ऐरोलीच्या ऑफिसात तक्ता रंगवत होते:
कुठल्या खांबावर किती केव्हीएआर बसवले
की तारांतला तोटा सगळ्यात कमी.
उत्तर आलं होतं तेवीस. सहाशे.
दशांशचिन्हापुढे चार आकडे, चारही ठाम.

हाशा माधवी फोनवर म्हणाला,
"मॅडम, यो आवाज येगला हाय.
रातचे दोन वाजले का चरतो."

कपॅसिटरचं काम तसं साधं.
खाडीचं पाणी दिवसातून दोनदा आत येतं, दोनदा जातं,
कोणाच्या हंड्यात पडत नाही,
पण ते नसेल तर होडी चिखलात रुतते.
मोटारींनाही अशी एक भरती लागते.
ती कळव्याहून ओढत आणण्यापेक्षा
दारातच साठवून ठेवायची,
एवढंच.

हे सगळं लाट गुळगुळीत असेल तर.
माझ्या गणितात ती होती.
रबाळ्यात ती कुरतडून येते.
मासळीच्या शीतगृहाचे ड्राइव्ह, सर्व्हरची कपाटं,
गाळ्यागाळ्यातले एलईडी,
जो तो आपल्या सोयीने लचका तोडतो
आणि पन्नासच्या पाठीवर
दीडशे, अडीचशे, साडेतीनशे चढून बसतात.
तिसरी न्यूट्रल तापवते.
पाचवी तर उलटीच फिरते, मोटारीला मागे ओढत.

दोन वाजता मी तिथे उभी होते.
पाळी सुटलेली, भट्ट्या थंड,
लाटेला आवर घालणारं कोणी जागं नाही,
ड्राइव्ह तेवढे चालू.
हाशाने कोरडा बांबू खांबाला टेकवला,
दुसरं टोक माझ्या कानाशी धरलं.
गुणगुण नव्हती ती. दात खाणं होतं.

चहाच्या बिलाच्या पाठीवर मी लिहिलं:
शॉर्ट सर्किटची ताकद भागिले सहाशे,
त्याचं वर्गमूळ.
पाच.
चार पूर्णांक काही नाही, सव्वापाच नाही,
पाच.
ज्याला मी औषध म्हणून बांधलं
तोच पाचवीला खांद्यावर घेऊन नाचत होता.

आता चौदावर बसवलाय, तीनशेचा.
उरलेले तीनशे शीतगृहाच्या पॅनलमध्ये,
पुढ्यात सात टक्क्यांचा रिॲक्टर, राखणीला.
वर्गमूळ साडेआठच्या आसपास येतं:
सातच्या पुढे, अकराच्या अलीकडे,
तिथे सहसा कोणी राहत नाही.
तोटा थोडा वाढला.
सॉफ्टवेअर लाल अक्षरांत सांगतं
की याहून चांगलं उत्तर उपलब्ध आहे.
असू दे.

हाशा फुगलेल्या डब्यावर हात ठेवून म्हणाला,
"बाजूचे गाल्यात नवी मशीन आली, मंग?"
मी काही बोलले नाही.
तक्त्यात शेवटचा रकाना कोरा ठेवलाय.