कूस

पोटावर ठेवायची नाही मामा, कुशीवर झोपवायची,
तेजू सांगते भोपाळहून,
मागे कुणीतरी शिट्टी मारतंय.
एकाच जागी भार आला की खळगा पडतो,
मग ती पाण्यात सरळ जात नाही.

मी मोटारी भरणारा माणूस.
सांगलीवाडीतली पत्र्याची शेड,
तांब्याची तार, वॉर्निशचा वास,
विहिरींतून निघालेल्या जळक्या मोटारी.
त्या कशाही टाका, कुरकुरत नाहीत.
आणि आता ही चौदा फुटांची नारिंगी कयाक,
आणली तेव्हापासून
मी शेडमध्ये तिरका चालतो.

दस्तगीर वेल्डरनं भिंतीला अँगलचे दोन हात लावले,
टोकाला जरा वर वळलेले,
झोपलेलं पोर घ्यायला पुढं करतो तसे.
त्यांवर हळदीची पोती गुंडाळली, दुहेरी.
आठ दिवसांत तिच्या कुशीला पिवळं लागलं.
फोटो बघून तेजू हसली,
पुसू नको म्हणाली.

पट्टा आवळायचा नाही,
दोन बोटं आत गेली पाहिजेत.
कडीला दोर बांधून टांगायचं तर नाहीच.
पत्र्यापासून हातभर खाली,
एप्रिलात पत्रा तापला की प्लास्टिक मऊ पडतं.
झाकणं उघडी ठेव, आत ओल राहते.
(झाकणं उघडी ठेवली. आत उंदीर राहिला.
मग जाळी.)

राहिला प्रश्न उंचीचा.
भिंतीवर एक मातकट रेघ आहे, माझ्या छातीएवढी.
तीनदा चुना दिला,
आषाढात ती परत वर येते.
रेघेच्या वर घेऊ, दस्तगीर म्हणाला,
पाणी आलं तरी हिला धक्का नको.
ड्रिल भिंतीला टेकवलं
आणि तसाच थांबला.
पाणी आलं तर हिलाच काढावी लागणार की रे.

चहा गार झाला.
शेजारच्या गिरणीचा पट्टा फटफटत होता.
आम्ही रेघेकडे बघत बसलो,
त्या साली कोण कुठल्या माळ्यावर होतं
ते दोघांनाही ठाऊक.
बोललो नाही.

शेवटी हात रेघेच्या वीतभर वर बसवले.
पट्ट्याला सरकगाठ मारली,
आणि दोरीचं टोक खाली, गुडघ्यापर्यंत सोडलं,
पाणी अजून रस्त्यावर असतानाच
हाताला लागेल असं.
दस्तगीरच्या सात वर्षांच्या शिफानं ओढून बघितलं.
सुटली.
परत बांध म्हणाली, परत ओढली.

वल्हं कुठं ठेवायचं
ते तेजूला विचारायचं राहिलंय.
सध्या दाराच्या मागे उभं आहे,
दार उघडलं की
आधी तेच हातात येतं.