येरझाऱ्या

सोमवारी सकाळी पट्टे गोळा करायचे,
वायरीला लावायचे, आकडे उतरवून घ्यायचे,
हे माझं काम.
निळे रबरी पट्टे, चिकटपट्टीवर मुलांची नावं,
काहींना अजून जॅमचा वास.
यंदापासून झोपतानाही घालायचे असतात.
झोपसुद्धा मोजायची आहे म्हणे.

ग्रिम्सबीत वारा समुद्रावरून थेट मैदानात शिरतो,
प्लास्टिकचे नारिंगी शंकू आडवे करतो.
गारसाइड सर शिट्टी दातांत धरून
माझ्या खोलीत डोकावतात: पुढे कोण?
पाचवी ब, मी सांगते.
भिंतीवरच्या नकाशात त्यांचा लोकरीचा धागा
पावलापावलानं निघालाय रोमला.
आणि एकट्यात?
डोविडास.
तो? सरांना हसू येतं.
बूट विसरणारा? कुंपणाला टेकून डोळे मिटणारा?
तोच. आठवड्याला एक लाख चार हजार.

शुक्रवारी सगळ्या शाळेसमोर
त्याला प्रमाणपत्र, पाण्याची बाटली.
टाळ्या थांबेपर्यंत त्यानं जांभई गिळून धरली.
एवढं मी पाहिलं.

मग मी तासांचा आलेख उघडला.
दिवसभर सपाट माळ,
आणि रात्री दोनला एक टेकाड,
सव्वातीनला उतरतं, चारला पुन्हा चढतं.
रविवार सोडून रोज.
पावलं सहा हजार, अंतर शून्य.
खाली पडद्यानं नम्रपणे विचारलेलं:
हा व्यायाम कोणता? निवडा.
चालणे. धावणे. जिना. नाच. इतर.

येरझाऱ्या, मी म्हणाले, मोठ्यानं,
रिकाम्या खोलीत.
त्या यादीत तो शब्द कुठून असणार?
खिडकीपासून शेगडीपर्यंत सात पावलं,
वळायचं, परत सात,
खांद्यावर लाळेनं भिजलेलं एक उबदार ओझं,
आणि थांबलं की संपलं.

इचलकरंजीत मी नऊ वर्षांची असताना
आई रात्रपाळीला कांड्या भरायला जायची,
भाऊ माझ्या खांद्यावर.
माझ्या मनगटावर तेव्हा काळा दोरा होता.
तो काही मोजत नसे.
कुणाला काही सांगतही नसे.

जेवणाच्या सुट्टीत डोविडासचा पट्टा सैल करून दिला,
मनगटावर लाल वळ उठला होता.
उग्नेला दात येतायत, तो म्हणाला,
मी काही विचारायच्या आतच.
आई मासळीच्या कारखान्यात, सहाला येते.
शेजारचा भिंतीवर ठोसे मारतो, म्हणून चालायचं.
मग घाईघाईनं: बक्षीस परत घेणार का?

नाही रे.

पण फॉर्म होता. असतोच.
'मुलाबद्दल काळजी वाटते', पिवळा कागद,
आणि माझ्या हातात पेन चारपर्यंत.
लिहिलं तर एका बाईच्या दारावर थाप पडणार.
नाही लिहिलं तर
टेकाड रोज रात्री दोनला उगवणार
आणि मी सोमवारी ते वायरीतून उतरवून घेणार.
काळ्या दोऱ्याला ही सोय होती,
मला नाही.
लिहिलं.

फाइलवाली बाई आली, गेली, पुन्हा आली.
कारखान्यानं पाळी बदलली, उशिरानं, कुरकुरत.
दिवसा उग्ने कुणाकडे असते, कळलं नाही.
तीन आठवड्यांनी आलेखातलं टेकाड खचलं,
मग तिथं माळ, लांबच लांब,
नऊ तासांचा.

पाचवी बचा धागा आल्प्सच्या अलीकडे रेंगाळलाय.
गारसाइड सर दारात, शिट्टी दातांत:
चॅम्पियनला झालं काय? घसरला की.
झोपतोय, मी म्हटलं.
त्यांना तो विनोद वाटला.

फाटकाशी त्याची आई उभी असते आता, साडेतीनला,
बाबागाडीचं हँडल घट्ट धरून.
मी रोज मान हलवते.
ती रोज वाऱ्याकडे पाहते.