पान हलत नाही

एक डिसेंबरपासून मी काळ्या झग्यात आहे.
एकच आहे तो. कोपरावर जरा चकाकतो,
पण माझी जागाच अशी, पियानोच्या डाव्या अंगाला, किंचित मागे;
उजेड येतो तो वादकाला ओलांडून,
उरलासुरला.

या महिन्यात रीगामध्ये कुणी घरी जेवत नाही.
सोमवारी चर्चमध्ये मुलांचा वृंद,
मंगळवारी बँकवाल्यांसाठी व्हायोलिन, चेलो आणि आम्ही,
बुधवारी (बहुतेक बुधवारच) वकिलांचा स्नेहमेळा,
तिथे तर पियानोवरच कुणीतरी कोळंबीची बशी ठेवली होती.
आइवार्स वाजवतो. मी उठते, वाकते,
वरचा कोपरा दोन बोटांत धरून
त्याच्या हनुवटीकडे बघत राहते.
हनुवटी हलली की पान.
लोक थट्टेनं म्हणतात,
वेल्टाशिवाय इथलं पान हलत नाही.
खरंच आहे.
आणि पान हललं की वेल्टा नाही.

अकरा तारखेला लहान मुलांच्या इस्पितळासाठी बॉल.
तिकीट दीडशे युरो, वर छातीला लावायला चंदेरी फीत.
एका लाकूडव्यापाऱ्यानं लिलावाला स्वतःची बंदूक दिली
आणि दुप्पट किंमत देऊन स्वतःच सोडवली.
टाळ्या थांबेनात.
आम्हाला मागच्या खोलीत बिटाचं सूप, राईचा पाव.
झिंत्रा, जी अर्ध्या तासापूर्वी देवदूतासारखी गात होती,
बूट काढून सुजलेली बोटं मोजत होती.

त्या इस्पितळातली एक परिचारिका आली होती.
भाषणात तिचं नाव येणार होतं.
उसन्या झग्याच्या बाह्या सारख्या खाली ओढत उभी होती
खांबापाशी, तेवढ्यात जाता जाता एका गृहस्थानं
तिच्या हातात आपला रिकामा ग्लास दिला.
तिनं घेतला.
अख्खा वॉल्ट्झ तिनं तो ग्लास धरून ऐकला.
मी दोन पानं तिच्याकडे बघत उलटली.
त्यातलं एक उशिरा.

आइवार्स काही बोलला नाही. तेवढा भाग त्याला पाठ होता.
गाडीत काच पुसता पुसता फक्त म्हणाला,
अडतीस वर्षांत पहिल्यांदा.

मग त्सेसिस, मग लिएपाया,
मग नाव विसरले अशा एका गावातलं सभागृह,
पियानोचे तीन सूर मुके, त्यांच्यावरून आम्ही
खड्डे चुकवावेत तसे गेलो.
तिथल्या एका म्हाताऱ्यानं वर्तमानपत्रात गुंडाळून
धुरावलेला मासा दिला, पैसे नव्हते म्हणाला.
परतीच्या बसमध्ये मासा माझ्या मांडीवर झोपला होता
आणि माझी डावी बोटं
खिडकीच्या पडद्याचा कोपरा धरून.

तेवीसला विमान.
पेटीत लेकीसाठी दोन किलो करडे वाटाणे,
आयर्लंडात तसले मिळत नाहीत म्हणते.
तपासणीवाल्या पोरानं पिशवी कानाशी नेऊन हलवली,
ऐकली, हसला, जाऊ दिली.
त्या महिन्यात मनापासून ऐकणारा
तो एकटाच असावा.
डब्लिन. मग लिमरिकपर्यंत तीन तास बस,
शेजारच्या बाईच्या मांडीवर केकचा डबा, दोरीनं बांधलेला,
दर वळणाला ती त्याला जपायची, मला "सॉरी" म्हणायची.

आणि आता चोवीसची संध्याकाळ.
सार्मिते वाटाणे शिजवते आहे.
रोनन, वय सात, ब्याटरीवरच्या पियानोशी,
पुस्तक सीरियलच्या खोक्याला टेकवलेलं.
मी सवयीनं डावीकडे, किंचित मागे.
तो शेवटच्या ओळीवर येतो,
मी उठते, वाकते, कोपरा धरते,
हनुवटीकडे बघते.

त्यानं पानावर पंजाच ठेवला.
"थांब आजी. पुढचं मला येत नाही."
मग?
"मग हेच परत."

हेच परत झालं. पुन्हा परत झालं.
चौथ्यांदा तो एकाच जागी चुकला,
आणि मला कळलं की मी बसले आहे,
दोन्ही हात मांडीवर,
आणि वाटाण्यांना वास सुटला आहे.