जाळ्यांच्या खोपटात

अंडी उकडायचं घड्याळ घेऊन
मी पहाटे जाळ्यांच्या खोपटात जाते.
वीस मिनिटांवर फिरवते त्याची मान,
मासळीचा टब पालथा घालून त्यावर बसते,
गुडघ्यांवर घोंगडी.
काचेच्या कोपऱ्यात मीठ धरलंय.
बाहेर न्यूफाउंडलँडचा वारा,
कुणाच्याही घरात न विचारता शिरणारा.

लहानपणी, रविवारच्या शाळेत,
सगळी उत्तरं मला तोंडपाठ होती.
तुला कोणी निर्माण केलं? देवानं.
कशासाठी? तेही सांगायचे, एका दमात.
मिस पार्मिटर वहीत सोनेरी तारा चिकटवायच्या.
एकेचाळीस तारे जमले होते.
अंधारात त्यातला एकही कधी लुकलुकला नाही.

मग लग्न, मुलं,
मासळीच्या कारखान्यात सव्वीस वर्षं हातात सुरी.
कॉड संपला, कारखान्याला कुलूप लागलं.
मी रोज गुडघे टेकत होते,
वाण्यापुढे वाचावी तशी देवापुढे यादी वाचत होते:
एझ्राची कंबर, धाकट्याचं अल्बर्टातलं काम, विजेचं बिल.
आमेन म्हटलं की उठायचं.
उत्तरासाठी थांबायचं असतं, हे कुणी शिकवलं नाही.
शिकवलंही असेल,
मी तेव्हा चहा टाकायला गेले असेन.

एझ्राला पुरलं त्या दिवशी
स्तोत्र सगळ्यांत मोठ्यानं मी गायले.
लोक म्हणाले, थर्झाचा विश्वास बघा.
स्तोत्र घशापर्यंतच होतं. खाली काही उतरत नव्हतं.

रक्तदाब मोजणारी नर्स म्हणाली,
रोज थोडा वेळ नुसत्या बसत जा.
नुसत्या!
आमच्या आईच्या तोंडी ही शिवी होती.

पहिले काही आठवडे हातच ऐकेनात.
मांडीवर आपसूक हलायचे:
पोट चिर, आतडी काढ, पुढचा मासा.
मग राग आला. कुणाचा, ते सांगत नाही,
ज्याचा आला त्याला ठाऊक आहे.
एके दिवशी रडू आलं, तर घड्याळ वाजलं,
आणि मी रडता रडता हसले.

दोनच शब्द घेतले होते सोबत.
श्वास आत येताना: तू.
बाहेर जाताना: आहेस.
नाताळाच्या आसपास 'आहेस' गळून पडला.
पुढे कधीतरी 'तू'सुद्धा.
केव्हा, ते कळलं नाही,
मी शोधायलाही गेले नाही.

टक पाळकसाहेब चिंतेत पडले.
थर्झा, आपल्यात हे असं करतात का?
मी म्हटलं, प्रभूसुद्धा पहाटे उठून एकटा जायचा,
आणि तिथे काय बोलायचा
ते कुणीही लिहून ठेवलेलं नाही.
ते टोपीची कड चाचपत बसले.
जाताना म्हणाले, टब आणखी एखादा आहे का?

मार्चमध्ये आमची खाडी बर्फानं गच्च असते.
मी साठ वर्षं बघतेय,
बर्फ निघताना मला एकदाही दिसला नाही.
रात्री झोपताना पांढरं, सकाळी पाणी,
आणि धक्क्याला बांधलेली होडी
किंचित हलतेय.

तसंच झालं म्हणू का?
पूर्वी मी विश्वास दोरासारखा धरायचे,
तळहात सोलून निघायचे.
आता दोर सैल आहे.
पाणी आपल्याला धरून आहे,
हे होडीला कुणी पढवावं लागत नाही.

रोजच असं होतं असं नाही.
काल पूर्ण वीस मिनिटं
मी छपराच्या गळक्या पत्र्याचा हिशेब केला.
किती खिळे, कुणाची शिडी, फ्लोरेन्सचा जावई येईल का.
घड्याळ वाजलं तेव्हा ध्यानात आलं,
तो हिशेबसुद्धा
मी एकटी करत नव्हते.

चला. पाणी उकळायला ठेवते.
टक साहेबांना अंडं कडक लागतं.