चालशे

अपघात म्हणावा इतकंही नव्हतं.
फतेगंजच्या वळणावर उभ्या गाडीचं दार उघडलं,
मी दारात शिरलो,
आणि उतरलेल्या बाईंनी आधी दाराचा पोचा पाहिला.
मीही आधी सायकलच पाहिली, खोटं कशाला सांगू.

हँडल डावीकडे बघत होतं, चाक समोर.
चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळलं,
रुसल्या पोराचं तोंड वळवावं तसं.
चेन चढवली. पुढचं चाक उचलून फिरवलं:
दर फेरीला एकदा ब्रेकच्या रबराला चाटायचं,
खस्.
तारा बोटानं छेडत गेलो.
बत्तिसांतल्या तीन मुक्या.
माझेही बत्तिसांतले पाच गेलेत, जेवतोच की.

मग ती दिसली.
चिमट्याच्या डाव्या पायावर, मडगार्डच्या जरा वर,
केसाएवढी रेघ.
रंग तडकला असेल.
रंगच असणार.
रात्रीचे साडेआठ, घर चार किलोमीटर,
आणि रंगच असावा असं वाटायला
चार किलोमीटर पुष्कळ होतात.

फिदाअलीचं दुकान म्हणजे कडुलिंबाखाली
एक पेटी, एक पंप, पाण्याचं घमेलं.
पेटीला कुलूप लावता लावता थांबला.
मला मोबाइलचा उजेड धरायला लावून
रेघेवर थुंकी लावली, पुसली,
आणि करंगळीचं नख वरून खाली ओढत आणलं.
नख अडलं.
पुन्हा ओढलं. पुन्हा तिथंच.

"चालशे?" मी विचारलं.
तीन पिढ्या बडोद्यात काढल्यावर
हा आमच्याच घरातला शब्द झालाय.
वरण पातळ झालं, चालशे.
पगार दहा तारखेला, चालशे.
शरयूच्या आईनं मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही
आतल्या खोलीतून हेच ऐकू आलं होतं.

फिदाअलीनं नख पायजम्याला पुसलं.
"चालशे, भाई. तमारी साथे चालशे.
तमने लईने नहि चाले."

काळ्या घोड्यापर्यंत मी शहाण्यासारखा चाललो.
पुलावर शरयूचा फोन. "कुठे आहेस?"
"चालतोय."
"आणि सायकल?"
"तीही."
खाली विश्वामित्री, काळोखात काळोख.
कठड्याला दोन पोरं मगर शोधत वाकलेली,
मला म्हणाली, काका, ते बघा, ते.
मला काही दिसलं नाही. हो म्हणालो.

पुढं उतार लागला. रस्ता रिकामा.
आणि मी बसलो.
सगळं कळून, नख अडलेलं पाहून, बसलो.
खस्, खस्, खस्, अकरा वेळा मोजलं,
मग कुणी नाव घेऊन हाक मारावी तसा उतरलो.
तेव्हा कुठे गुडघा दुखला.
पँट फाटली होती, मोज्यापर्यंत रक्त सुकलं होतं.
कोठीपासून दांडिया बाजारापर्यंत
दोघं एकाच बाजूला लंगडत गेलो.

सकाळी फिदाअलीनं चिमटा काढला,
शिकंजात धरून एकच हिसका दिला.
तुटलेलं टोक माझ्यासमोर धरलं.
कडेला चंद्रकोरीएवढं चकाकत होतं,
बाकी सगळं तांबूस, गंजलेलं.
"चमके छे एटलुं कालनुं," म्हणाला.
"बाकीनुं जूनुं."

किती जुनं, ते त्याला सांगता आलं नाही.
मला दिवाळी आठवली.
पुढच्या दांडीवर नात, मागं दहा किलो दळण.
आणि मार्चमधली एक रात्र,
सयाजीबागेलगतचा सुनसान रस्ता,
कशाचाच आनंद नव्हता खरं तर,
वारा बरा होता इतकंच,
म्हणून मी, सत्तावन्न वर्षांचा माणूस,
झाडांच्या सावल्यांतून
दोन्ही हात सोडून चाललो होतो.