थ अधिक ह

मंगळवारी सकाळी बाबांचा फोन.
बाबा फोन करत नाहीत.
आई गेली तेव्हाही शेजारच्या हेर्बोर्गनं केला होता.
"कागद आलाय," म्हणाले, "तुझ्या ऑफिसातून.
माझ्या होडीची अक्षरं कोणती?"
थ ह, मी म्हटलं. थ ह अठ्ठावन्न.
"मग हे वाच."
फोटोत अर्धा त्यांचा अंगठा,
उरलेल्या अर्ध्यात सरकारी शाईत:
२९४ ५८.

हुसाविकच्या धक्क्यावर म्हणे सगळे हसले.
ब्रांदुरच्या होडीचा आता टेलिफोन झाला.

इथे रेक्याविकमध्ये, चौथ्या मजल्यावर,
मी कालचा कप बाजूला सारला
आणि ती ओळ उघडली.
माझीच होती. मार्चमधली. रात्री साडेअकराची.
एकेरी अवतरणात थ,
एकेरी अवतरणात ह,
मधे अधिकचं चिन्ह, मग पुन्हा अधिक,
मग दुहेरी अवतरणात एक मोकळी जागा
आणि तिच्यामागे होडीचा आकडा.

दिसायला काही वाईट नव्हती.

पण एकेरी अवतरणातलं एकटं अक्षर
यंत्राच्या लेखी पुरतं अक्षर नसतंच.
त्याच्या पोटात आकडा असतो.
थ दोनशे बावीस. ह बहात्तर.
अधिकचं चिन्ह डावीकडून चालत येतं,
भेटतील त्या पहिल्या दोघांना विचारतं, तुम्ही कोण?
दोघंही पोटातलं ओठांवर आणतात.
मग ते बेरीज करतं,
चोख, हातचा घ्यायचीही वेळ येत नाही.
पुढे स्ट्रिंग उभी होती, दोर सोडून,
हे त्याला एक पाऊल उशिरा कळतं.

"बाबा, तिथे बेरीज झाली. जोडायचं होतं."
"फरक काय?"
मी शब्द शोधत राहिले.
त्यांनाच सापडले:
"म्हणजे दोन होड्या एका दोरानं बांधल्या
म्हणून एक थोरली होडी होत नाही, तसं?"
तसंच, बाबा.
पंधरा जणांच्या बैठकीत
मला हे इतकं सरळ सांगता आलं नसतं.

माझं नावही असंच लावलेलं आहे.
ब्रांदुर घेतला, शेपटीचा उर छाटला,
उघड्या टोकाला एक स बांधला,
पुढे दोत्तिर, मुलगी.
छाटलं, बांधलं, तरी
ते ते राहिले, मी मी.
अठराव्या वर्षी मला वाटायचं,
एवढासा स काय धरून ठेवणार.

दुरुस्ती मिनिटाभराची.
ओळीच्या अगदी सुरुवातीला
दुहेरी अवतरण उघडलं आणि लगेच मिटलं.
आत काही नाही.
मोकळी जागासुद्धा नाही.
आता थ येतो तो त्या काही-नाहीला भेटतो,
त्याच्याशी त्याचं सूत जुळतं,
पोटातला आकडा पोटातच ठेवून तो
थ म्हणून उभा राहतो.
मग ह.
मग बाकीचे, एकामागे एक, न विरघळता.

का, ते नियमात लिहिलेलं आहे.
मी नियम पाठ केलेला आहे.
तरी ती दोन अवतरणं टाकल्यावर
बराच वेळ त्यांच्या मधे बघत बसले.

फोन चालूच होता.
पलीकडे पक्षी, कुणाचं तरी इंजिन,
बाबांचा श्वास.

नवा कागद शुक्रवारपर्यंत येईल, मी म्हटलं.
जुना परत पाठवा.
"जुना केबिनमध्ये लावलाय," म्हणाले.
"किटलीच्या वर."
अहो, तो चुकीचा आहे.
"असू दे. तुझी सही आहे त्यावर."

मग पुन्हा काही नाही.
ठेवायला हवा होता फोन,
दोघांपैकी कुणीच ठेवला नाही.

कॉड कसा आहे, मी विचारलं.
"कॉड नाही फारसा," म्हणाले.
"हॅडॉक बरा आहे."