निळ्यावर हिरवा

खोक्यातून निघाला तो स्वीडनचा ट्रक,
मला हवा होता ओइवाचा. माझ्या वडिलांचा.
म्हणून पहिल्याच रात्री केबिन करवतीनं कापली,
छप्पर नखभर खाली घेतलं, नाक पुढे ओढलं,
आणि खोक्यावरचं चकचकीत चित्र
चुलीत सारलं.

चोवीसात एक.
म्हणजे करंगळी उभी धरली
तर ओइवा तिच्याहून थोडे उंच.

बाहेर उणे अठ्ठावीस. कुह्मोचं तळं रात्रभर तडतडतं.
आत, भिंगाखाली, गिटारच्या तुटक्या तारेची
मी ब्रेकची नळी करतो.
वाइनच्या बाटलीच्या तोंडाशी असायचा तो शिशाचा पत्रा,
चुरगाळून उलगडला की ताडपत्री.
दुधाची किटली एकच घडवली लेथवर,
रबराच्या साच्यातून चाळीस ओतल्या,
तर चाळीस जणींना एकाच जागी एकच पोचा!
असलं दूध डेअरीत कोण घेईल?
मग एकेकीला धरून वेगवेगळा मार दिला,
झाकणांवर तांबड्या रंगात शेतांचे आकडे लिहिले,
श्वास रोखून,
दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत एकेक रेघ.

सीटखाली एक पाना ठेवला, तांदळाच्या कण्याएवढा.
मार्युक्का म्हणाली, छप्पर चिकटवल्यावर दिसणार कुणाला?
मी म्हटलं, सीटखाली पाना होता.
ती झोपायला गेली.

रविवारी हिल्का आली. अठ्ठ्याऐंशीची.
बूट दारात, काठी हातात, चष्मा कपाळावर.
ट्रकभोवती एक चक्कर मारली, गाय विकत घ्यायला आल्यासारखी.
'छान आहे,' म्हणाली. 'पण ट्रक निळा होता.'

हिरवा होता.

'रोज सकाळी सहाला किटल्या घेऊन फाट्यावर उभी असायचे मी.
निळा.'

मी फोटो काढून दाखवला.
काळा-पांढरा निघाला तो; ती हसली,
मग मीही.
'तू आत बसायचास,' ती म्हणाली,
'आत बसणाऱ्याला ट्रक कुठे दिसतो?'

कॉफी निवत चालली होती.
जाताना कोटाची बटणं लावत सहज बोलली:
'आणि ती दोरी राहिली बघ.
उजव्या दाराची कडी धड लागत नसे.
ओइवा दार आतून दोरीनं बांधून टाकायचा,
वळणावर तू बाहेर पडू नयेस म्हणून.'

मला पाना आठवत होता.
डिझेलचा वास, काचेवरचा बर्फ खरवडायची पत्र्याची पट्टी,
हातमोज्याला पडलेलं भोक,
सगळं मापात आठवत होतं.
दोरी नव्हती आठवत.

हिरवा पार खरवडला. आठ महिन्यांचं काम.
निळा दिला. सुकू दिला.
त्यावर मार्युक्काचा केसांचा स्प्रे,
त्यावर पुन्हा हिरवा.
मग ओल्या ब्रशनं, दातकोरण्याच्या टोकानं
घासत बसलो: मडगार्डची कड, पायरी,
दाराच्या मुठीखालची जागा, जिथं अंगठा टेकतो.
तिथं तिथं निळा वर आला.
पुढंमागं कधी रंग बदलला असेलही ट्रकचा.
नसेलही. विचारायला आता
हिल्का आणि मी, दोघंच.

दोरीसाठी जुन्या स्वेटरचा एक तंतू ओढला,
त्याचाही पदर सोडवून चौथा हिस्सा घेतला.
चिमट्यानं गाठ मारताना तीनदा सुटली.
चौथ्यांदा बसली. सुटेल अशी नाही,
ओइवा मारत असतील तशी,
घाईतली, डबल.

छप्पर चिकटवलं.
सतरा नंबरची किटली, हिल्काची,
सगळ्यात कडेला ठेवली आहे,
खाली उतरवायला सोपी जाईल अशी.